वाऱ्याचा हिशेब

कसबा पेठेतल्या जुन्या वाड्याच्या चौकात ऐन आषाढातही वारा फारसा शिरत नाही. बोळ अरुंद, भिंती उंच, आणि वाऱ्याला वळणे फार. चौकातल्या तुळशीचे पानही हलत नसते, त्याच दुपारी पर्वतीच्या शंभर-एक पायऱ्या चढून वर गेले तर टोपी हाताने धरून ठेवावी लागते. अंतर काही किलोमीटरांचे, उंचीतला फरक शंभर मीटरसुद्धा नाही. मग पुण्यात वारा किती वाहतो, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? वर्गात हा प्रश्न टाकून पाहावा. मुले वाद घालतात, आणि वाद घालण्यासारखाच तो प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास बराचसा याच प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याने चाळकेवाडीच्या पठारावर गेलेल्यांनी पवनचक्क्यांच्या रांगा पाहिल्या असतील. पलीकडे पाटण तालुक्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर सुमारे ११५० मीटर उंचीवर वनकुसवड्याचे पठार आहे, तिथे तर त्यांचे रानच आहे. त्या नेमक्या तिथेच का उभ्या राहिल्या, आणि पहिल्या पवनचक्क्या मात्र समुद्रकाठी देवगडला का आल्या होत्या, हे समजण्यासाठी आधी थोडे गणित करावे लागेल.

वाहत्या हवेतली ऊर्जा गतिज ऊर्जा असते. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे नववीच्या मुलांना ठाऊक असते. पण पवनचक्कीच्या पात्यांतून दर सेकंदाला किती हवा जाते, तेही वेगावरच अवलंबून असते. वेग दुप्पट झाला की हवाही दुप्पट जाते. दोन्ही मिळून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यात, वाऱ्याला काटकोनात धरलेल्या एका चौरस मीटरमागे सुमारे १३० वॉट शक्ती असते. वेग १२ मीटर झाला की ती १०४० वॉटच्या जवळ जाते. वेग दुप्पट, शक्ती आठपट.

आता यातला फसवा भाग पाहा. एका गावी दिवसभर ६ मीटरने एकसारखा वारा वाहतो. दुसऱ्या गावी बारा तास १२ मीटरने वाहतो आणि बारा तास अगदी पडतो. दोन्ही गावांचा सरासरी वेग ६ मीटरच. पण दुसऱ्या गावच्या वाऱ्यात पहिल्याच्या चौपट ऊर्जा आहे. म्हणजे नुसती सरासरी सांगणारा तक्ता पवनचक्की उभारणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. कोणत्या तासाला किती वेग होता, हे त्याला हवे असते, आणि तेही वर्षभराचे, एकाच नव्हे तर अनेक वर्षांचे. शिवाय वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. सगळी काढली तर हवा पात्यांमागे थांबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच राहणार नाही. जास्तीत जास्त ५९ टक्के काढता येते, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धानंतर दाखवून दिले. प्रत्यक्षातली यंत्रे त्याहून कमी काढतात.

हा हिशेब मांडायला लागणारी माहिती गोळा करण्याच्या कामाशी पुण्याचा जवळचा संबंध आहे. कसबा पेठेतून नव्या पुलावरून नदी ओलांडली की शिवाजीनगर लागते. तिथल्या चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, तरी उपकरणे तयार करण्याचे आणि पडताळून पाहण्याचे काम पुण्यात राहिले. स्वातंत्र्यापूर्वी पर्जन्यमापकासारख्या साध्या उपकरणांसाठीही आपण परदेशावर अवलंबून होतो.

१९४८ साली अॅना मणी या विभागात रुजू झाल्या. त्रावणकोरातल्या पीरमेडच्या, बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या वर्णपटांवर काम केलेल्या. पीएच.डी.चा प्रबंध लिहून तयार होता, पण एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून विद्यापीठाने तो मान्य केला नाही. मग शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन त्या हवामानाची उपकरणे शिकून आल्या. पुण्यात त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून ती इथेच बनवायला सुरुवात केली. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते! वाऱ्याचा वेग मोजणारा, वाट्या फिरणारा पवनवेगमापक हे त्या उपकरणांपैकीच एक. वाट्यांचे हे यंत्र आयर्लंडमधल्या रॉबिन्सन यांनी १८४६ साली केले. रचना इतकी सोपी की कागदी पेले, दोन काड्या आणि एक टाचणी घेऊन ते शाळेतही करता येते. एका पेल्याला रंग लावावा आणि मिनिटाला फेरे किती होतात ते मोजावे, आधी मैदानावर आणि मग गच्चीवर. दोन्ही आकड्यांचे घन करून तुलना केली की वाड्याचा चौक आणि पर्वती यांतला फरक मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वाऱ्यापासून वीज करण्याचा विचार आपल्याकडे १९५२ पासूनच सुरू होता. त्या वर्षी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने पवनशक्तीसाठी एक उपसमिती नेमली. १९५४ साली दिल्लीच्या परिसंवादाला ई. डब्ल्यू. गोल्डिंग हे ब्रिटिश अभियंते आले होते. भारतात आधी वाऱ्याच्या वेगाची विस्तृत पाहणी करा, असा त्यांचा सल्ला होता. सल्ला मान्य झाला, काही केंद्रेही उभी राहिली, पण धरणे आणि कोळसा यांच्यापुढे वाऱ्याला कोण विचारतो? हवामान खात्याची वेधशाळा गावात, बहुधा झाडा-इमारतींच्या जवळ. तिचा हेतू पाऊस-वादळाचा अंदाज हा होता आणि त्याला ती पुरेशी होती. पवनचक्कीसाठी मात्र ती म्हणजे वाड्याच्या चौकात बसून पर्वतीचा वारा मोजण्यासारखे होते.

यंत्राची गोष्ट दुसरीकडे घडत होती, आणि तिच्या मुळाशी एक शिक्षक आहे. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावी प्रौढ ग्रामीण विद्यार्थ्यांची एक शाळा होती. तिथे पॉल ला कूर हे विज्ञान शिकवत. १८९१ साली त्यांनी शाळेजवळ वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. वारा नसेल तेव्हा काय करायचे, हा आजचाच प्रश्न त्यांना पडला. त्यांनी विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्याचे दिवे शाळेत लावले. काही वेळा स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही फुटल्या. (आपल्याकडे असे झाले असते तर मुख्याध्यापकांनी प्रयोग तिथेच थांबवला असता.) ला कूर यांनी छोटा वातबोगदा करून पाहिले, की पुष्कळ रुंद पात्यांपेक्षा थोडी आणि वेगाने फिरणारी पाती अधिक कामाची. खेड्यांतल्या तरुणांसाठी ते वीजतंत्रीचे वर्ग घेत. त्यांतला एक विद्यार्थी योहानेस यूल. यूल यांनी उतारवयात, १९५७ साली, गेडसर येथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. ती दहा वर्षे चालली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा डेन्मार्कला तिची आठवण झाली आणि वेस्टास व इतर कारखान्यांनी त्याच ठेवणीची यंत्रे बनवायला घेतली.

ही यंत्रे आधी कॅलिफोर्नियाला गेली. तिथे करसवलत होती. ती संपताच मागणी कोसळली आणि डॅनिश कारखाने अडचणीत आले. त्याच सुमारास, १९८६ मध्ये, भारत सरकारच्या अपारंपरिक ऊर्जा विभागाने गुजरात, तामिळनाडू आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या किनाऱ्यावर प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केले. महाराष्ट्रातला देवगडला झाला. वेस्टासची ५५ किलोवॉटची यंत्रे, पात्यांच्या घेराचा व्यास सुमारे १५ मीटर. आंब्याच्या गावात ती पाहायला गर्दी होई. समुद्रकाठी वारा भरपूर, ही समजूत स्वाभाविक होती, आणि अगदी चुकीचीही नव्हती. समुद्राच्या पृष्ठभागावर वाऱ्याला अडथळा नसतो. पण किनाऱ्यावरची खारी हवा लोखंड खाते. आणि त्याहून चांगला वारा कुठे असेल, याचे पुरेसे मोजमापच झालेले नव्हते.

ते काम अॅना मणी यांनी निवृत्तीनंतर हाती घेतले. १९७६ मध्ये त्या हवामान खात्यातून उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले डी. ए. मुळे यांच्याबरोबर त्यांनी हवामान खात्याच्या उपलब्ध नोंदी चाळून भारतातल्या पवनऊर्जेची आकडेवारी १९८३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मग याच संस्थेच्या बंगलोर केंद्रातून नवी पाहणी सुरू झाली. या वेळी मनोरे मुद्दाम उघड्या जागी, डोंगरमाथ्यांवर आणि पठारांवर उभारले गेले आणि तासातासाची नोंद घेतली गेली. पुढे अशी केंद्रे सातशेच्या वर गेली. १९९० पासून या पाहणीचे खंड एकामागून एक निघत राहिले. त्यात सह्याद्रीचे माथे पुढे आले.

कारण समजायला सोपे आहे. नैऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला थडकतो. वर चढताना तो दाबला जातो, आणि रुंद नदी अरुंद घळीत शिरल्यावर जशी जोरात धावते तसा कड्यावरून वेगाने निघतो. तिथेच सपाट, झाडे नसलेले जांभ्याचे पठार असले तर वेग टिकून राहतो. उंचीवर हवा विरळ असते हे खरे. वनकुसवड्याच्या उंचीवर ती समुद्रसपाटीपेक्षा दहा-अकरा टक्के हलकी. पण वेग ५ मीटरवरून ६ वर गेला तरी घनाच्या नियमाने शक्ती १२५ ला २१६ या प्रमाणात वाढते. विरळ हवेची तूट वजा केली तरी ती दीडपट उरते.

महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे महाऊर्जा, ही संस्था राज्याने १९८५ साली स्थापन केली. तिने चाळकेवाडी आणि इतर काही ठिकाणी प्रात्यक्षिक प्रकल्प उभारले. नव्वदीच्या अखेरीस राज्याचे धोरण आले आणि खासगी उद्योग पठारावर धावले. पुण्याची बजाज ऑटो त्यांपैकी एक. सुरतेत कापडाचा धंदा करणाऱ्या तुलसी तांती यांनी विजेच्या खर्चाला कंटाळून स्वतःच्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या होत्या, आणि पुढे १९९५ मध्ये त्यांनी सुझलॉन ही पवनचक्क्यांचीच कंपनी काढली. तिचे मुख्यालय पुण्यात आले आणि वनकुसवड्याचे बरेचसे काम तिने केले. तांती २०२२ साली पुण्यातच वारले.

पण उद्योगपतींना वाऱ्याची ओढ एकाएकी कशी लागली? उत्तर आयकराच्या कायद्यात आहे. कारखान्यातले यंत्र दरवर्षी जुने होते, म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग घसारा म्हणून नफ्यातून वजा करता येतो. पवनचक्कीच्या बाबतीत नव्वदच्या दशकात पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळे. समजा, कराचा दर ३५ टक्के आहे आणि एका साखर किंवा औषध कंपनीने दोन कोटींची पवनचक्की घेतली. तिचा सत्तर लाखांचा कर त्या वर्षापुरता वाचला, मग पाते फिरो वा न फिरो. भर म्हणून राज्याची विक्रीकरातली सवलत होती. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्राला निम्माच घसारा मिळत असल्याने सप्टेंबर संपण्याच्या आत यंत्र चालू करण्याची धांदल उडे. गंमत अशी, की आपल्याकडचा जोराचा वारा जून ते सप्टेंबर. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालेल्या यंत्राने त्या वर्षीचा हंगाम पुरता घालवलेला असे, पण हिशेबाच्या वहीत ते वर्षभराचे पुण्य जोडून गेलेले असे.

सवलती वाईट होत्या असे मला म्हणायचे नाही. त्या नसत्या तर कारखाने, कुशल कामगार आणि पठारावरचा अनुभव यांतले काहीच तयार झाले नसते. आक्षेप एवढाच, की बक्षीस यंत्र उभारण्याला होते, वीज निर्माण करण्याला नव्हते. १ मेगावॉटचे यंत्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले तर ८७ लाख ६० हजार युनिट देईल. वारा कमी-जास्त होत असल्याने प्रत्यक्षात त्याच्या २० टक्के धरले तर साडेसतरा लाख. त्या २० चे २५ करायचे की १५ होऊ द्यायचे, हे जागेच्या मोजमापावर आणि रोजच्या देखभालीवर ठरते, आणि सवलत त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. २००२ नंतर घसारा ८० टक्क्यांवर आला. २००९ च्या डिसेंबरात केंद्राने युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आणली, तेव्हा कुठे प्रत्यक्ष विजेला मोल आले. २०१२ मध्ये जादा घसारा काढून घेताच देशात वर्षाला नव्याने उभ्या राहणाऱ्या यंत्रांची क्षमता तीन हजार मेगावॉटच्या वरून सतराशेच्या आसपास घसरली. २०१४ मध्ये तो परत आला आणि २०१७ पासून ४० टक्के झाला.

पठाराखालच्या गावकऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. पवनचक्की आमच्या डोक्यावर आणि वीज मात्र आमच्याकडे नाही. यातही भौतिकशास्त्र आहे. सुरुवातीच्या यंत्रांतली जनित्रे प्रवर्तन पद्धतीची होती. त्यांना स्वतःचे चुंबकक्षेत्र तयार करायलाच बाहेरच्या वाहिनीतून वीज घ्यावी लागते. पावसाळ्यात झाड पडून वाहिनी बंद झाली की ऐन वाऱ्यात पवनचक्की थांबवावी लागे. तिची वीज गावाकडे थेट जात नाही. ती ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवून उपकेंद्रात जाते आणि राज्याच्या जाळ्यात मिसळते. गावाला वीज मिळते ती त्या जाळ्यातून, इतर सर्वांना मिळते तशीच. तक्रार तरीही खोटी ठरत नाही. जमीन कोणाची गेली आणि ग्रामपंचायतीच्या पदरात काय पडले, हे प्रश्न जनित्राची रचना समजावून सांगितल्याने सुटत नाहीत.

दुसरी तक्रार पावसाची. २००३-०४ च्या दुष्काळात सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्यांत असा समज पसरला, की पवनचक्क्या ढग हाकलून देतात. हसण्यापूर्वी हे पाहा, की पावसाळ्यात या पठारांवर ढग खरोखरच पात्यांना घासून जातात. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष तपासण्याजोगा. त्या काळची पवनचक्की पात्याच्या टोकापर्यंत शंभर मीटरच्या आसपास, तर पाऊस आणणारा बाष्पाचा प्रवाह कित्येक किलोमीटर जाडीचा. शिवाय २००२ साली सबंध भारतातच मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला, म्हणजे जिथे एकही पवनचक्की नाही तिथेही. आणि माण-खटाव पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी आहेत ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे. वर्गात पुराव्याची चर्चा करायला याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

पठारावर खरा परिणाम झाला तो वेगळाच, आणि तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. चाळकेवाडीच्या सड्यावर गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारा एक सरडा राहतो. २०१६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हा त्याच्या प्रजातीला 'सरडा' हेच मराठी नाव देण्यात आले. सरडा सुपर्बा. मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आहेत. त्यामुळे तिथे सरडे वाढले. ते माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, त्यांच्यातली ताणाची संप्रेरके कमी होती, पण संख्या वाढल्याने ते रोडावलेही होते आणि नरांचे रंग फिके पडले होते. पवनचक्कीने जणू परिसरातल्या वरच्या भक्षकाची जागा घेतली होती. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर अभयारण्याजवळच्या पवनचक्क्यांवर गाडगीळ समितीने २०११ मध्ये टीका केली, तीत भर होता तो उतारांवर खोदलेल्या रस्त्यांवर. एकेक पाते डोंगरावर चढवायचे तर वळणे रुंद करावी लागतात आणि सुटलेली माती पावसात खालच्या ओढ्यांत जाते.

मार्च २०२५ अखेर देशातली पवनऊर्जेची स्थापित क्षमता सुमारे ५० हजार मेगावॉट झाली. त्यातला महाराष्ट्राचा वाटा पाच हजारांच्या घरात आहे. यंत्रे तर ओळखू न येण्याइतकी वाढली. देवगडच्या १५ मीटर व्यासाच्या जागी आता १४४ मीटर व्यासाची पाती आहेत, म्हणजे वारा झेलणारे क्षेत्र नव्वदपटीहून अधिक. ती बसवतात दीडशे मीटरच्या आसपास उंचीवर. त्यामुळे वारा पुन्हा मोजावा लागला. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रातली शक्य क्षमता जमिनीपासून १०० मीटरवर सुमारे ४५ हजार मेगावॉट, १२० मीटरवर ९८ हजार आणि १५० मीटरवर जवळजवळ १ लाख ७४ हजार. राज्य तेच आणि वारा तोच. पर्वतीच्या पायऱ्या तेवढ्या आणखी चढून गेलो.

मात्र सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा पहिल्यांदा आलेल्यांनी घेतल्या, आणि तिथे पंचवीस वर्षांपूर्वीची छोटी यंत्रे उभी आहेत. ती उतरवून मोठी बसवावीत, यासाठी केंद्राने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये धोरण जाहीर केले. दहा जुन्यांच्या जागी दोन-तीन नवी पुरतील आणि वीज कितीतरी जास्त मिळेल. पण करसवलतीच्या काळात एकेका कंपनीने एक-एक, दोन-दोन यंत्रे घेतल्यामुळे एकाच कड्यावर दहा यंत्रांचे दहा मालक असू शकतात. नवे यंत्र कोणाच्या जमिनीवर उभे राहणार आणि त्याची वीज कोणाच्या नावावर जाणार, हे त्या दहा जणांनी आधी आपसांत ठरवायचे आहे.